‘सातत्याचा अभाव’: तलासरीतला संगणकवर्ग आणि आपण वाचतो ती पुस्तकं

पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी मी गाईडकडे पहिल्या प्रकरणाचा कच्चा खर्डा दिला. त्यात तलासरी तालुक्यातल्या एका समाजमंदिरात मी घेतलेल्या संगणकवर्गाबद्दल एक वाक्य होतं : ‘दिवाळीनंतर उपस्थिती निम्म्याहून खाली आली, विद्यार्थ्यांमध्ये सातत्याचा अभाव दिसून आला.’ मॅडमनी पहिल्या भागाला हात लावला नाही. दुसऱ्या भागाखाली लाल रेघ मारली आणि समासात तीन शब्द लिहिले : ‘कुणाला दिसून आला?’

मला राग आला, हे आधीच सांगते. विरारहून पहाटेची डहाणू लोकल पकडून, पुढे एसटी नाहीतर जीप करून मी दर शनिवारी-रविवारी तिथे जात होते. फुकट शिकवत होते. रजिस्टर माझ्याकडे होतं. २३ नावं, त्यातली दिवाळीनंतर येणारी ९. आकडा खोटा नव्हता. मग प्रश्न कसला?

आठवडाभराने कळलं की ते वाक्य मी रजिस्टरमधून काढलंच नव्हतं. ते मी वाचलेल्या लेखांमधून आलं होतं. गावात, वस्तीत, परदेशात जाऊन संगणक शिकवणाऱ्यांबद्दल जे काही लिहिलं गेलंय, त्यात हे वाक्य वेगवेगळ्या शब्दांत सारखं भेटतं. म्हणून आज त्या वाचनाचीच झडती घेऊ या. तुम्ही संशोधनाच्या तयारीत असाल तर ‘लिटरेचर रिव्ह्यू’ नावाचं प्रकरण तुमच्याही वाट्याला येणार आहे. बहुतेक जण ते ‘अमुक यांनी असं म्हटले आहे, तमुक यांनी तसे म्हटले आहे’ अशा माळेसारखं ओवतात. मीही ओवलं होतं.

सुरुवात दिल्लीपासून करावी लागते. २६ जानेवारी १९९९ ला सुगत मित्रा यांनी कालकाजीत, एनआयआयटीच्या ऑफिसच्या भिंतीला भोक पाडून पलीकडच्या वस्तीतल्या मुलांसाठी एक संगणक बसवला. शिक्षक नाही, सूचना नाही. मुलं आपापली शिकतात असा मित्रांचा दावा होता आणि तो जगभर गाजला. २०१३ साली त्यांना दहा लाख डॉलरचं टेड पारितोषिक मिळालं. विकास स्वरूप यांनी आपल्या कादंबरीची कल्पना या प्रयोगावरून सुचल्याचं सांगितलंय, तीच कादंबरी जिच्यावर ‘स्लमडॉग मिलेनियर’ निघाला. म्हणजे तुम्ही पेपर वाचला नसला तरी सिनेमा पाहिलेला असणार.

आता मार्क वॉर्शावर. २००३ मध्ये आलेलं त्यांचं ‘टेक्नॉलॉजी अँड सोशल इन्क्लूजन’ हे पुस्तक तीन फसलेल्या गोष्टींनी सुरू होतं आणि पहिली गोष्ट या भिंतीतल्या भोकाचीच आहे. २००० साली दिल्ली सरकारने एनआयआयटीबरोबर एका वस्तीत असंच केंद्र उभारलं होतं, ते वॉर्शावर बघून आले. इंटरनेट क्वचितच चालत होतं. सगळं इंग्रजीत. मुलं बहुतेक वेळ चित्रं काढत किंवा गेम खेळत होती. काही पालक खूश होते, पण बरेच जण म्हणत होते की शिकवायला कुणी नाही, आणि पोरं अभ्यास सोडून इथे येऊन बसतात. वस्तीतल्या कुठल्याही संघटनेला यात घेतलेलं नव्हतं.

दुसरी गोष्ट आयर्लंडमधल्या एनिस गावाची. १९९७ मध्ये तिथल्या टेलिफोन कंपनीने स्पर्धा घेऊन एका गावाला ‘माहितीयुगाचं गाव’ ठरवलं आणि घरोघर संगणक वाटले. बेकार लोकांना तोपर्यंत आठवड्यातून तीनदा सरकारी ऑफिसात जाऊन सही करावी लागायची. आता घरबसल्या संगणकावरून करा, असं सांगण्यात आलं. पण त्या रांगेतच त्यांच्या गाठीभेटी व्हायच्या, कामाच्या खबरा कळायच्या. त्यांना घरी बसायचं नव्हतं. बरेच संगणक न वापरता पडून राहिले, काही विकले गेल्याच्या बातम्या आल्या. गंमत अशी की स्पर्धेत मागे राहिलेल्या ज्या गावांना थोडेसेच पैसे मिळाले, त्यांनी ते जास्त विचाराने वापरले.

तिसरी इजिप्तमधल्या एका विद्यापीठातल्या प्रयोगशाळेची. अमेरिकी मदतीतून यंत्रं आली आणि कुणी चालवायची, खर्च कुणी करायचा यावरून वर्षाहून जास्त काळ खोक्यांमध्ये राहिली. आपल्याकडच्या जिल्हा परिषदेच्या शाळांमध्ये कपाटात कुलूपबंद संगणक ज्यांनी बघितलेत त्यांना यात नवल वाटणार नाही.

यातून वॉर्शावर असं मांडतात की ‘डिजिटल दरी’ ही यंत्र असणं-नसणं एवढी सरळ रेघ नव्हेच. माणसाला माहिती-तंत्रज्ञान उपयोगी पडायचं तर चार प्रकारची साधनं लागतात : भौतिक म्हणजे यंत्र आणि जोडणी, डिजिटल म्हणजे आपल्या भाषेतला आपल्या कामाचा मजकूर, मानवी म्हणजे साक्षरता आणि शिक्षण, आणि सामाजिक म्हणजे आजूबाजूची माणसं, संस्था, संघटना. यातलं एक नसलं तर बाकीची तीन लंगडी पडतात.

पुस्तक चांगलं आहे. आधी वाचा, मग माझं भांडण ऐका. इंटरनेटच्या कौतुकाचा पूर जोरात होता तेव्हा एवढं शांतपणे ‘यंत्र बाजूला ठेवा, माणसं काय करतायत ते बघा’ म्हणणं सोपं नव्हतं. त्याच्या बळावर पुढे बरंच काम उभं राहिलं. पायल अरोरा यांनी उत्तराखंडमधल्या अल्मोडा आणि हवालबाग इथल्या अशाच केंद्रांचं पुढे काय झालं ते जाऊन पाहिलं आणि २०१० मध्ये लिहिलं. दोन्ही बंद पडली होती. केंटारो टोयामा यांनी बेंगळुरूला मायक्रोसॉफ्टच्या संशोधन केंद्रात बरीच वर्षं शाळांमध्ये यंत्रं नेऊन पाहिली आणि २०१५ च्या ‘गीक हेरसी’ या पुस्तकात कबुलीच दिली : तंत्रज्ञान फक्त असलेलं मोठं करतं. जिथे इच्छा आणि क्षमता आहे तिथे ती वाढवतं, जिथे नाही तिथे शून्याला कितीने गुणलं तरी शून्यच.

टोयामांच्या मागे महाराष्ट्रातलंही एक प्रकरण आहे. ‘वारणा वायर्ड व्हिलेज’. १९९८ मध्ये वारणेच्या सहकारी साखर कारखान्याच्या पट्ट्यात पन्नासहून अधिक संगणक-केंद्रं उघडली. शेतकरी इंटरनेटवर बाजारभाव बघतील, पिकांचा सल्ला घेतील असं चित्र रंगवलं होतं. टोयामांच्या गटाने काही वर्षांनी जाऊन पाहिलं तर ती यंत्रं मुख्यतः ऊस किती घातला, खत किती उचललं, हे कारखान्याचंच हिशेबाचं काम करत होती. मग त्यांनी काही गावांत संगणकाच्या जागी साध्या मोबाइलवरचे एसएमएस लावून बघितले. तेवढ्यात काम भागलं, तेही स्वस्तात. मला हा अभ्यास फार आवडतो. लोक यंत्र चुकीचं वापरतायत असं त्यात कुठे नाही. लोक कशासाठी वापरतायत ते आधी मोजलंय.

उलट बाजूही सांगायला हवी, नाहीतर तुम्ही माझ्यासारखेच एकाच रांगेतले पेपर ओवाल. परिमला इनामदार आणि अरुण कुलकर्णी यांनी सिंधुदुर्गातल्या खेड्यांमध्ये भिंतीतल्या संगणकांचा तुलनात्मक अभ्यास केला, २००७ मध्ये छापला. नेहमी वापरणाऱ्या मुलांचे गणिताचे गुण वाढलेले दिसले. म्हणजे मित्रांची गोष्ट सगळीच हवेतली नव्हती. फक्त ‘नेहमी वापरणारी’ या दोन शब्दांपाशी थांबा. मी तिकडे परत येते.

आता आमचा वर्ग.

एका कंपनीने वापरून झालेले सात लॅपटॉप दिले होते. समाजमंदिर म्हणजे पत्र्याचं छप्पर, एक ट्यूबलाइट, भिंतीवर कधीतरी कुणी काढलेलं वारली चित्र, त्यावर निवडणुकीच्या पत्रकाचा अर्धा फाटलेला तुकडा. अभ्यासक्रम मीच बनवला : माऊस धरणं, पेंट, वर्डमध्ये बायोडाटा, एक्सेलमध्ये गुणपत्रक. एमएस-सीआयटीचं पुस्तक समोर ठेवून त्याची लहान आवृत्ती केली होती. शिकवण्याची भाषा मराठी. माझी मराठी. मुलं आपसात वारलीत बोलत, सीमा जवळ असल्यामुळे मध्येच गुजराती येई, आणि मी वळले की सगळे माझ्या मराठीत येत. हे मला तेव्हा त्यांचा शहाणपणा वाटलं होतं.

जुलैत एक खड्डा पडला. आवणी चालू होती. भाताची रोपं लावायला घरचे सगळे हात शेतात. ऑगस्टमध्ये पोरं परत आली. दिवाळीनंतर मात्र गेली ती गेलीच. भिवंडी-वसईकडच्या वीटभट्ट्यांवर आईबापांबरोबर काही, मासेमारीच्या बोटींवर काही, उंबरगाव-वापीच्या कारखान्यांत रोजंदारीला काही. तलासरी तालुक्यात दहातले नऊ जण आदिवासी आहेत आणि पावसावरच्या एका भातपिकानंतर इथे फारसं काम उरत नाही, हे मला माहीत नव्हतं असं नाही. माझ्याच प्रस्तावाच्या ‘पार्श्वभूमी’ या भागात मी ते लिहिलं होतं, जनगणनेच्या आधारासकट. पण पार्श्वभूमी पान ४ वर होती आणि ‘सातत्याचा अभाव’ पान ३१ वर. मधल्या सव्वीस पानांत दोघांची भेट झालीच नाही.

तर वॉर्शावरशी माझं भांडण इथून सुरू होतं. त्यांच्या चार साधनांच्या चौकटीत मी माझा सगळ्यात वाईट महिना टाकून पाहिला. डिसेंबर. यंत्रं होती, वीज बरी होती, मोबाइलचं नेट चालत होतं. भौतिक : ठीक. मराठीत मजकूर होता. डिजिटल : अर्धंमुर्धं. मुलं आठवी ते बारावीची, वाचता येणारी. मानवी : ठीक. गावात ग्रामपंचायत होती, बचतगट होता, पिढ्यान्‌पिढ्या मोर्चे काढणारी संघटना होती. सामाजिक : पुण्या-मुंबईतल्या कुठल्याही सोसायटीपेक्षा मजबूत. चारही खाने भरले आणि वर्ग रिकामा. ही चौकट गृहीत धरते की माणूस जागेवर आहे. दिल्लीची वस्ती, एनिस, इजिप्तचं विद्यापीठ, तिन्ही ठिकाणी लोक जागेवर होते, यंत्राशी त्यांचं जमत नव्हतं एवढंच. वर्षातले पाच-सहा महिने अख्खं घर पाठीवर घेऊन जाणाऱ्याला त्या चारांपैकी कोणत्या खान्यात बसवायचं? वेळ, मोसम, मजुरीचं कॅलेंडर याला तिथे रकानाच नाही.

टोयामांचं सूत्र मला आणखी अडचणीचं वाटतं, कारण ते ऐकायला फार बरोबर वाटतं. ‘इच्छा असेल तिथे तंत्रज्ञान ती वाढवतं.’ मग माझा वर्ग ओस पडला याचा अर्थ इच्छा नव्हती, असा सरळ निष्कर्ष निघतो. माझं लाल रेघेचं वाक्य याच सूत्राचं पोर आहे. टोयामा स्वतः एवढे भोळे नाहीत. क्षमता आणि संस्थांबद्दल त्यांनी पानंच्या पानं लिहिली आहेत. पण सूत्र पुस्तकातून सुटून आलं की ते असंच वापरलं जातं, आणि वापरणारी मी होते.

नोव्हेंबरातली एक गोष्ट. बारावीतली एक मुलगी वर्ग संपल्यावर थांबली. फोन पुढे केला. ‘मॅडम, फाइल मोठी आहे म्हणून घेतच नाही.’ महाडीबीटीवर शिष्यवृत्तीचा अर्ज भरत होती. उत्पन्नाच्या दाखल्याचा फोटो होता, तो ठरलेल्या आकारापेक्षा मोठा होता. त्यासाठी ती दोनदा तलासरीच्या दुकानात जाऊन आली होती, दर वेळी पैसे मोजून. मी पाच मिनिटांत फाइल लहान करून दिली. मग कशी केली ते दाखवलं. पुढच्या रविवारी समाजमंदिरात रजिस्टरवर नाव नसलेली अकरा माणसं आली. एक बाई जातपडताळणीचे कागद घेऊन, एक म्हातारे वनहक्काच्या दाव्याची पावती घेऊन, दोन पोरं बँकेत आधार जोडलं गेलंय का ते बघायला. कुणालाही पेंटमध्ये घर काढायचं नव्हतं.

ही अकरा माणसं माझ्या खर्ड्यात कुठेच नव्हती. का? त्यांची नावं रजिस्टरवर नव्हती म्हणून. माझ्या अभ्यासाच्या व्याख्येप्रमाणे ती ‘विद्यार्थी’ नव्हती. इनामदार-कुलकर्णींचे ते दोन शब्द आठवा : नेहमी वापरणारी. त्यांच्या अभ्यासाला मी नावं ठेवत नाहीये, त्यांनी तुलनेसाठी गट नीट जुळवले होते. प्रश्न मी स्वतःला विचारला. माझ्याकडे ‘नेहमी येणारे’ ९ कोण होते? यादी काढली तर बहुतेकांच्या घरात कुणीतरी पगारी होतं. शाळेत शिपाई, अंगणवाडीत सेविका, हायवेवरच्या पंपावर नोकरी. म्हणजे माझ्या शिकवण्याचा परिणाम म्हणून मी जे मोजणार होते, त्यात घरचा पगारच मोजला जाणार होता.

इथे मला एक जुनं भाषण टोचायला लागलं. २० एप्रिल १९६८ ला मेक्सिकोत कुएर्नावाका इथे इव्हान इलिच अमेरिकन विद्यार्थ्यांसमोर बोलले. उन्हाळ्यात मेक्सिकोच्या खेड्यांत स्वयंसेवक म्हणून जाणारी ती मुलं. इलिच त्यांना तोंडावर म्हणाले की तुमच्या चांगल्या हेतूंचं इथे कुणाला काही पडलेलं नाही. बघायला या, डोंगर चढा, शिका. मदत करायला येऊ नका. त्यांचा एक मुद्दा भाषेचा होता. ज्यांच्यात जाताय त्यांची भाषा तुम्हाला इतपतही येत नाही की ते तुमच्याबद्दल काय म्हणतात हे तुम्हाला कळावं.

मी म्हणाले, हा तर परदेशाचा विषय. मी तर माझ्याच राज्यात, माझ्याच जिल्ह्यात. २०१४ च्या ऑगस्टपर्यंत तोही ठाणेच होता. मग मुलं वारलीतून माझ्या मराठीत येत होती तो क्षण आठवला. विरारहून तलासरी गाडीने अडीच-तीन तासांवर आहे आणि मी तिथे परदेशात शिकवत होते, पासपोर्ट लागला नाही एवढंच.

तरी इलिच यांचंही सगळं मान्य करू नका. त्यांच्या भाषणात बाहेरून आलेल्याला दोनच वाटा आहेत : पाहुणा व्हा किंवा परत जा. ते स्वतः व्हिएन्नाचे, मेक्सिकोत राहून हे बोलत होते, ते सोडून देऊ. पण डहाणू-तलासरीचा इतिहास या दोन वाटांत बसत नाही.

गोदावरी परुळेकर पुण्याच्या. १९३० च्या दशकात त्या प्रौढ साक्षरतेच्या कामात होत्या, म्हणजे आपल्या संगणकवर्गाचीच त्या काळातली आवृत्ती. १९४५ मध्ये त्या उंबरगाव-डहाणूच्या वारल्यांमध्ये आल्या तेव्हा पाटी-पेन्सिल घेऊन आल्या नाहीत. काम सुरू झालं ते वेठ आणि लग्नगडीपासून, म्हणजे लग्नासाठी काढलेल्या कर्जापायी सावकाराकडे नवराबायकोने जन्मभर राबायचं त्यापासून. मे महिन्यात झरीची सभा झाली, ऑक्टोबरमध्ये तलवाड्याला गोळीबार झाला, जेठ्या गांगड आणि इतर जण मारले गेले. ‘जेव्हा माणूस जागा होतो’ हे त्यांचं पुस्तक १९७० चं, १९७२ चा साहित्य अकादमी पुरस्कार त्याला मिळाला. शिक्षणाच्या विद्यार्थ्यांना ते सहसा कुणी वाचायला सांगत नाही, ‘चळवळ’ या खान्यात जातं म्हणून. तुम्ही वाचा. साक्षरतेच्या कामातून आलेली बाई पहिला प्रश्न साक्षरतेचा का विचारत नाही, एवढ्यासाठी तरी वाचा.

आणि कोसबाड. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं, १९५७ मध्ये ते डहाणू तालुक्यातल्या कोसबाडच्या टेकडीवर आलं. बाईंची अडचण आणि माझी अडचण शब्दशः एकच होती. शाळा उघडली आणि मुलं येत नव्हती. मोठी मुलं गुरं चारायला जायची, धाकटी भावंडं सांभाळायची. बालवाडी त्यांनी पाड्यावरच्या अंगणात नेली; अंगणवाडी हा शब्द पुढे १९७५ पासूनच्या सरकारी योजनेत देशभर रुळला. आणि गुराख्यांसाठी कुरणशाळा काढली. मुलं गुरं घेऊन ज्या कुरणावर जातात तिथे शिक्षकाने जायचं, गुरं चरत असताना शिकवायचं.

कुरणशाळा हा शब्द शालेय पुस्तकात एका ओळीत येऊन जातो, म्हणून आपण त्याकडे ‘किती गोड कल्पना’ असं बघतो. संशोधनाच्या नजरेने बघा. त्यांच्याकडेही रिकाम्या वर्गाचा आकडा होता. त्या आकड्याचं उत्तर त्यांनी मुलांच्या स्वभावात शोधलं नाही. शाळा चालू असते त्या तासाला मूल कुठे असतं, हे त्यांनी आधी पाहिलं. मी सात लॅपटॉप घेऊन तीन तास प्रवास करून आले, शेवटचे पाचशे मीटर मात्र मुलांनी यावं असा माझा आग्रह होता. आणि डिसेंबरात तर ते पाचशे मीटर भिवंडीपर्यंत लांबले होते.

कोसबाडचीही आरती ओवाळायची नाही. अनुताईंचं ‘कोसबाडच्या टेकडीवरून’ आज वाचताना आदिवासी घराकडे वरून बघणारी नजर मधूनमधून खटकते. मुलांना आंघोळ घालणं, नखं कापणं यापासून दिवस सुरू करण्यात माया होती, तसा ‘यांना सुधारायचं’ हा सूरही होता. वारलीतून शिकवण्याचा प्रश्न किती सुटला, हेही विचारता येतं. शिवाय ती माणसं तिथे आयुष्यभर राहिली, मी शनिवार-रविवारची. त्यांच्याशी स्वतःची तुलना करून लाजून बसण्यात काही अर्थ नाही. त्यांच्याकडून पद्धत घ्यायची.

मी काय केलं ते सांगते, आदर्श म्हणून नाही. पान ३१ वरचं वाक्य खोडलं. जानेवारीत न येणाऱ्या १४ जणांच्या घरी गेले. पाच घरांना कडी होती, शेजाऱ्यांनी सांगितलं कुठे गेलेत ते. नवीन वाक्य असं झालं : ‘दिवाळीनंतर २३ पैकी ९ जण येत राहिले, उरलेल्यांपैकी ११ जण कामासाठी स्थलांतरित झाले होते, दोघांनी वर्ग उपयोगाचा नसल्याचे सांगितले, एकाशी भेट होऊ शकली नाही.’ त्या दोघांशी बोलणं या सगळ्या अभ्यासातलं मला मिळालेलं सगळ्यात कामाचं बोलणं होतं. त्यातला एक म्हणाला, ‘टायपिंग मराठीत करायला लावता, अन् आम्ही फोनवर इंग्रजी अक्षरांनी लिवतो.’ माझ्या प्रश्नावलीत कीबोर्डचा प्रश्नच नव्हता.

प्रकरणाचं नावही बदललं. आधी ‘संगणक साक्षरता वर्गाची परिणामकारकता’ होतं. आता विषय आहे : अर्ज, दाखले, दावे भरताना लोक कुणाची मदत घेतात आणि त्याला काय मोजतात. पैसे, दिवस, मजुरी बुडणं, सगळंच. वॉर्शावर अजून माझ्या संदर्भयादीत पहिल्या पाचात आहेत. फक्त आता त्यांच्या चौकटीपुढे मी एक पाचवा रकाना काढून त्यावर भांडते. हा रकाना योग्य आहे का, की मी फक्त तलासरीचा डिसेंबर अख्ख्या जगावर लादतेय, हे परीक्षक सांगतील. ऊसतोड कामगारांच्या मुलांवर कुणी असं काम करत असेल तर मला तुलना करायला आवडेल. बीडकडचं कॅलेंडर आणि इकडचं कॅलेंडर जवळपास एकाच महिन्यात फिरतं.

एक गाठ अजून सुटलेली नाही. रजिस्टरमध्ये ‘गैरहजर’ या रकान्याच्या जागी मी आता ‘कुठे आहे’ असं लिहिते. मॅडमना ते आवडलं. मग त्यांनीच विचारलं की उचल घेऊन भट्टीवर गेलेल्या घराचा ठावठिकाणा तू एका वहीत लिहून ठेवतेयस, ही वही उद्या कुणाच्या हातात पडली तर? मुकादमाला ती फुकट मिळालेली यादीच आहे. तेव्हापासून नावं एका वहीत आणि ठिकाणं दुसऱ्या, दोन्हींमध्ये फक्त आकडे, असं चाललंय. आकडे कुठल्या नावाचे ते मला पाठ आहेत. हे पुरेसं आहे का, ते विद्यापीठाच्या समितीला विचारण्याआधी मी त्या १४ घरांना विचारायचं ठरवलंय. होळीला बरेच जण घरी येतात, तेव्हा जाईन.